देवगडातलं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान : बाबांचा सीडीएमए फोन आणि आईचा नवीन फोन

रेटिंग आधीच देतो, पाचपैकी पाच, आणि का ते सविस्तर लिहितो कारण नुसतं "छान सर्व्हिस" लिहून गेलो तर या माणसावर अन्याय होईल. दुकानाचं नाव टाकत नाहीये, दुकानवाल्या दादांनीच सांगितलं की नाव नंबर टाकू नकोस, एकटा माणूस आहे आणि आलेली कामंच उरकत नाहीत. पण देवगडच्या बाजारात कुणालाही विचारा जुने फोन कोण करतो, बोट करून दाखवतील. दोन गिऱ्हाईकं आत उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं एवढीशी जागा, काचेच्या कपाटात कीपॅडवाले फोन, कव्हरं, चार्जर, आणि मागे एका टेबलावर सोल्डरिंगचं सगळं सामान.

माझं काम दोन फोनांचं होतं. एक मेलेला आणि एक नवा कोरा.

मेलेला फोन बाबांचा. बाबा आनंदवाडीच्या बंदरातून मासेमारीला जायचे. पाचशे एक रुपये भरा आणि मोबाईल घरी न्या ही रिलायन्सची मान्सून हंगामा स्कीम बऱ्याच जणांना आठवत असेल, २००३ च्या जुलैमधली, त्या स्कीमने देशभर सीडीएमए या वेगळ्या तंत्राचे फोन घराघरात गेले. आमच्या वाडीपर्यंत रेंज यायला त्यानंतर वेळ लागला, बाबांनी फोन घेतला २००५ ला. काळा, जाडजूड, वर आखूड अँटेना. हा फोन बाबांनी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून दहा-अकरा वर्षं समुद्रावर नेला आणि एकदाही भिजू दिला नाही. मग २०१६-१७ च्या सुमारास देशातली सीडीएमए नेटवर्कं एकेक करून बंद होत गेली, बाबांनी दुसरा फोन घेतला, हा कपाटात गेला, चार्जर आणि माहितीपुस्तकासकट.

गेल्या वर्षी बाबा गेले. दिवसकार्य झाल्यावर आई एकच गोष्ट सारखी बोलत होती, "जयगडच्या तांडेलांका कळवूक व्हया होता, तेंचो नंबर ह्यांच्या जुन्या फोनात आसा." बाबा आणि ते तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, दोघं तरुणपणी एका बोटीवर होते. नवीन फोनात तो नंबर नव्हता, वहीत नव्हता.

मी फोन मुंबईला नेला, एका मोठ्या दुकानात दाखवला. काउंटरवरच्या मुलाने मागचं झाकण काढलं, सिमची खाच शोधली, सापडली नाही, आणि म्हणाला हा डुप्लिकेट आहे, टाकून द्या. मला त्या मुलाचा राग नाही आला, त्याने असा फोन आयुष्यात पाहिला नसेल, पण बाबांचा फोन कुणी डुप्लिकेट म्हणतो हे लागलं.

देवगडच्या दादांनी फोन हातात घेतला, झाकण काढलं, आणि लगेच म्हणाले, "सीडीएमए. ह्येका सिम नसताच. नंबर फोनातच भरलेलो असता." आणि आतला स्टिकर दाखवला. आपल्या फोनवर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, असतो ना, तो त्यावर नव्हताच, त्याऐवजी ईएसएन म्हणून आठ अक्षरं-आकडे होते. तो ईएसएन कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवलेला, त्याच्याशी तुमचा नंबर बांधलेला, म्हणजे फोन दुसऱ्या कंपनीत न्यायची सोयच नाही. नंतरच्या काळात सीडीएमएतही कार्ड घालायचे फोन आले, पण बाबांचा त्याआधीचा.

बॅटरी फुगली होती. दादांनी ती बाजूला ठेवली, पॉवर सप्लायच्या दोन चिमट्या फोनच्या पितळी टोकांना लावल्या, व्होल्टेज ३.८ वर आणलं, लाल बटण दाबून धरलं. काही नाही. टोकं खोडरबराने घासली, परत दाबलं, आणि स्क्रीन निळी पेटली. "नो सर्व्हिस" असं वर, आणि खाली कुलूप. दादांनी आईला विचारलं तुमच्या माणसाच्या नंबरचे शेवटचे चार आकडे सांगा. आईला तोंडपाठ. उघडला!

केबल काही जुळली नाही. मग दादांनी काय केलं, मला माझ्या फोनचा कॅमेरा काढायला सांगितला आणि एकेक नाव उघडत गेले आणि मी फोटो काढत गेलो. एकशे त्रेचाळीस नावं. मधे गिऱ्हाईकं येत होती, कुणाला टेम्पर्ड ग्लास लावायची, कुणाचा रिचार्ज, त्यांचं करून परत आमच्याकडे. इंग्रजी अक्षरांत बाबांनी भरलेली नावं, बर्फ, बर्फ २, डिझेल, जाळी मालवण, डॉक्टर, जयगड तांडेल. "बर्फ २" बघून आई पदर तोंडाला लावून बसली. दीड तास गेला, दोनशे रुपये घेतले, मी पाचशे देत होतो तर तीनशे परत दिले.

जयगडचा नंबर ९३ ने सुरू होणारा, म्हणजे तेव्हाचा रिलायन्सचा. मला वाटलं आता कुठला लागतोय, पण २०११ च्या जानेवारीपासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर आली आणि त्यांनी तो नंबर वेळेत दुसरीकडे नेला होता. मुलाने उचलला, मग तांडेलांना दिला. आई बाहेर एसटीच्या आवाजात एक कान बोटाने दाबून बोलत होती.

ती बोलत होती तेवढ्यात दादांनी माहितीपुस्तकाचं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर धरलं, "ह्या वाच." बारीक टाईपात लिहिलेलं की हा फोन क्वालकॉम या अमेरिकन कंपनीच्या परवान्याखाली बनवलाय, आणि खाली अमेरिकन पेटंटांचे नंबर ओळीने, ४९०१३०७, ५०५६१०९, ५१०३४५९ असे. मी पंधरा वर्षं ते पुस्तक घरात बघितलेलं, हे पान कधी वाचलं नव्हतं. दादा म्हणाले फोन मेला तो ह्याच्यामुळे आणि चालायचा तो पण ह्याच्यामुळेच. त्यांनी जे सांगितलं आणि मग मी घरी येऊन जे वाचत बसलो ते इथे लिहितोय, कारण आपल्यापैकी हजारो लोकांच्या कपाटात असे फोन आहेत आणि ते का मेले हे कळायला पाहिजे.

तर मोबाईलची दोन घराणी. जीएसएम हे युरोपचं, १९८२ ला त्यांची समिती बसली, १९८७ ला तेरा देशांनी कोपनहेगनला करारावर सह्या केल्या आणि १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये पहिला कॉल झाला. भारतात ३१ जुलै १९९५ ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दूरसंचार मंत्री सुखरामांना दिल्लीला लावलेला पहिला कॉल पण जीएसएमचाच. त्याची रीत सार्वजनिक नळासारखी, एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण, प्रत्येकाने आपल्या पाळीत बोलायचं, पाळी इतकी झटपट फिरते की आपल्याला कळत नाही.

सीडीएमए म्हणजे बंदरावरचा मासळीचा लिलाव. सगळे एकाच वेळी ओरडतात, पण तुम्हाला तुमच्या माणसाचा आवाज ओळखीचा असल्यामुळे बरोबर तेवढाच कानात येतो. प्रत्येक कॉलला वेगळा कोड, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर. अडचण एकच, जवळचा माणूस जोरात ओरडला तर लांबच्याचा आवाज बुडतो. त्यावर क्वालकॉमच्या लोकांनी उपाय काढला, टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला आठशे वेळा सांगतो, आवाज कमी कर, वाढव. आठशे वेळा! क्वालकॉम ही १९८५ ला सान डिएगोला सुरू झालेली कंपनी, अर्विन जेकब्स, अँड्र्यू व्हिटर्बी वगैरे सात जणांची. हे जमणारच नाही म्हणणारे बरेच होते, त्यांनी नोव्हेंबर १९८९ ला गावातच चालवून दाखवलं. पुस्तकातले ते पेटंट नंबर याच कामाचे.

इथून भांडण. युरोपवाल्या कंपन्यांकडे जीएसएमची पेटंटं, क्वालकॉमकडे सीडीएमएची. आणि मग थ्रीजी ठरवायची वेळ आली तेव्हा गंमत अशी की दोघांनाही कोडवालीच पद्धत हवी होती. युरोप-जपानचं डब्ल्यूसीडीएमए, अमेरिकेचं सीडीएमए२०००. एरिक्सन ही टॉवरची यंत्रं बनवणारी स्वीडनची कंपनी म्हणे आमची पेटंटं, क्वालकॉम म्हणे मूळ आमचं, १९९६ पासून टेक्सासच्या कोर्टात केस. क्वालकॉमने सांगितलं की आमच्याशी जुळवून घेतलं नाही तर पेटंट वापरायला देणारच नाही, म्हणजे सगळ्या जगाचं थ्रीजी अडलं असतं. मार्च १९९९ मध्ये तडजोड झाली, दोघांनी एकमेकांना परवाने दिले, एरिक्सनने क्वालकॉमचा टॉवरची यंत्रं बनवायचा विभागच विकत घेतला. पण दोन स्टँडर्ड राहिलीच, फोन एकमेकांना चालणार नाहीत असे.

नंतर नोकिया आणि क्वालकॉम भांडले, ते जुलै २००८ ला मिटलं आणि नोकियाने १७० कोटी युरो मोजले. ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीशी २००९ ला मिटलं तेव्हा मात्र पैसे क्वालकॉमने दिले, ८९.१ कोटी डॉलर. २०१५ ला चीनने क्वालकॉमला ९७.५ कोटी डॉलर दंड केला. ॲपलशी तर एप्रिल २०१९ मध्ये खटल्याची सुनावणी सुरू झाली त्याच दिवशी समेट.

भांडणाचं मूळ दादांनी असं सांगितलं की बोटीला इंजिन एका कारखान्याचं, तर इंजिनवाल्याने इंजिनाचे पैसे घ्यावे, पण तो म्हणतो पूर्ण बोटीच्या किमतीवर टक्का दे, जाळी, वायरलेस, बर्फाचा खण सगळं धरून. पेटंटवाले पूर्ण फोनच्या किमतीवर रॉयल्टी मागतात, फोन बनवणारे म्हणतात चिपच्या किमतीवर घ्या. चीनमध्ये त्या दंडानंतर ठरलं की फोनच्या किमतीचे ६५ टक्के धरायचे आणि त्यावर थ्रीजीला ५ टक्के. मला स्वतःला विचाराल तर क्वालकॉमचा शोध मोठा होता यात शंका नाही आणि शोधणाऱ्याला पैसे मिळायलाच हवेत, पण हजार-दोन हजाराच्या फोनवर जगणाऱ्या गिऱ्हाईकाच्या देशात हा टक्का टोचतो. आपल्याकडच्या सीडीएमएवाल्यांनी २००६ ला रॉयल्टी कमी करा म्हणून क्वालकॉमशी वाद घातलाच होता, आणि पुढे दोन-तीन वर्षांत रिलायन्स स्वतःच देशभर जीएसएमकडे वळली. जगभर जीएसएमचे फोन जास्त खपायचे म्हणून स्वस्त पडायचे, सिम काढून दुसऱ्यात घालता यायचं, गिऱ्हाईक तिकडे गेलं. थ्रीजी सगळीकडे कोडवालं आलं म्हणजे तंत्र बरोबरच होतं, पण त्याच तंत्राचा बाबांचा फोन कपाटात गेला. मला ही गोष्ट अजून पचत नाही.

आणि हे फक्त परदेशात चाललेलं असं पण नाही. एरिक्सनने पेटंटांवरून मायक्रोमॅक्सला २०१३ ला दिल्ली हायकोर्टात खेचलं. एरिक्सनच्याच केसमध्ये डिसेंबर २०१४ ला शाओमीचे फोन विकायला बंदी आली आणि आठवड्याभरात फक्त क्वालकॉम चिपवाले विका अशी सूट मिळाली, मीडियाटेक या दुसऱ्या कंपनीच्या चिपवाले नाही. म्हणजे एकाच कंपनीचे दोन फोन, चिप कुठली त्यावर ठरणार विकायचा की नाही. मार्च २०२४ ला लावा या भारतीय फोन कंपनीने एरिक्सनला २४४ कोटी रुपये द्यायचे असा निकाल झाला. लावाचे कीपॅडवाले फोन दादांच्या कपाटात आहेत, तिथे उभं राहून मी हे ऐकत होतो.

आता दोन गोष्टी ज्या ऐकून मला बाबांची आठवण आली. बाबा नेहमी म्हणायचे "हो फोन लांबसून लागता", समुद्रावर बाकीच्यांचे जीएसएम फोन आधी जायचे आणि यांचा नंतर. मला वाटायचं स्वतःच्या वस्तूचं कौतुक. पण दादांनी सांगितलं की साध्या जीएसएमला वेस आखलेली असते, पाळी चुकू नये म्हणून फोन किती लांब आहे ते टॉवर मोजतो आणि ते मोजमाप ३५ किलोमीटरला संपतं, त्यापुढे सिग्नल येत असला तरी टॉवर घेत नाही. सीडीएमएत अशी पक्की वेस नव्हती, ते टॉवरच्या सेटिंगवर असायचं. ३५ किलोमीटर म्हणजे साधारण एकोणीस सागरी मैल. बाबा बरोबर बोलत होते.

दुसरी गोष्ट चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. चवथीत चाकरमानी आले की आमच्या घरातली रेंज जायची आणि अनंत चतुर्दशी झाली की परत यायची, आजी म्हणायची मुंबयकर रेंज घेवन जातत. त्याला पण कारण निघालं. सीडीएमएत बोलणारी माणसं वाढली की गोंगाट वाढतो आणि टॉवरचा घेर आकसतो, रात्री माणसं झोपली की घेर परत पसरतो. आमचं घर सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी पठाराच्या, खाली, माडांच्या बागेत, अगदी घेराच्या काठावर, म्हणून पहिला फटका आम्हाला. रात्री अकरा वाजता उठून बाबा खलाशांना फोन का लावायचे ते मला आत्ता कळलं.

आता दुसरा फोन. आतेभावाने दुबईहून आईसाठी नवा स्मार्टफोन आणला होता, चांगला महागातला, कंपनीचं नाव घेत नाही. घरात इंटरनेट चालायचं पण फोन लागायचा नाही. आई म्हणायची माझं काहीतरी चुकतंय, आणि मला ते ऐकवायचं नाही.

दादांनी आधी विचारलं सिम कुठलं, जिओ. मग विचारलं घर सड्यार की खाली? हा प्रश्न मला आजवर एकाही मोबाईलच्या दुकानात कुणी विचारला नव्हता. मग फोनवर *#*#४६३६#*#* दाबून आतला मेनू काढला. सांगितलं ते असं की जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, फोरजी आणि त्यापुढचं फक्त, त्यामुळे बोलणंसुद्धा डेटावरून जातं, त्याला व्होल्टी म्हणतात, आणि बाहेरच्या देशासाठी बनवलेल्या काही फोनांत आपल्याकडच्या कंपन्यांचं व्होल्टी चालूच केलेलं नसतं. नेट चालणार, कॉल नाही. आईचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्यासमोर त्यांनी हे दोनदा सांगितलं, याबद्दल त्यांचे वेगळे आभार.

त्यांनी सेटिंगमध्ये प्रयत्न केला, अर्धा तास, झालं नाही, त्याचे पैसे घेतले नाहीत. मग माझ्या गळ्यात नवीन फोन मारतील असं वाटलं तर तेही नाही, म्हणाले हा फोन घरी वायफायवर व्हॉट्सॲपला वापरा आणि बोलायला साधा फोरजी कीपॅड घ्या, पण घेताना बँड, म्हणजे फोन कुठल्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते, बघून घ्या. खोक्यावरचं बारीक अक्षर त्यांनी भिंगातून दाखवलं. जिओची ८५० मेगाहर्ट्झची रेंज, म्हणजे बँड ५, ही खाली बागेत उतरते, कमी फ्रिक्वेन्सी असल्यामुळे झाडं-दरड ओलांडून येते. २३०० सड्यावर जोरात मिळते पण पाणंदीतून खाली उतरलात की संपली. बीएसएनएलचं फोरजी घ्यायचं असेल तर ७०० आणि २१०० दोन्ही असलेला फोन बघा. आणि ही ८५० तीच बरं का, सीडीएमए ज्या ८०० च्या पट्ट्यावर चालायचं तोच पट्टा. बाबांचा फोन ज्या लहरींवर बोलायचा त्याच लहरींवर आता आई बोलते.

कीपॅड फोन घेतला, आठवडाभर वापरून मग हे लिहितोय. स्वयंपाकघरात लागतो, पडवीत लागतो, विहिरीवर लागत नाही, ते दादांनी आधीच सांगितलं होतं.

तक्रारी पण लिहितो. बसायला जागा नाही, वयस्कर माणूस असेल तर एक स्टूल ठेवायला हवं, आई दीड तास बहुतेक उभी होती आणि हे मी दादांना तोंडावर सांगितलं. दुपारी एक ते चार बंद, बाहेर पाटी नाही, लांबून आलेला माणूस उन्हात थांबतो. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. लाईट गेली की सोल्डरिंगचं काम थांबतं, इन्व्हर्टर फक्त दिव्यापुरता आहे. आयफोनचं काम घेत नाहीत, कणकवलीला जा म्हणून सरळ सांगतात.

जाणार असाल तर चवथीच्या आधीचे आठ-दहा दिवस टाळा, चाकरमान्यांचे फुटलेले स्क्रीन असतात ढीगभर. सकाळी दहाला जा. जुना सीडीएमए फोन नेत असाल तर फुगलेली बॅटरी आधीच काढून वेगळी न्या, प्रवासात दाबली जाते ते धोक्याचं. चार्जर आणि माहितीपुस्तक असेल तर तेही न्या, आणि ज्याचा फोन होता त्याचा जुना नंबर घरात कुणाला पाठ असेल तर त्या माणसाला सोबत न्या, कुलूप बहुतेक शेवटच्या चार आकड्यांचं असतं, नाहीतर चार शून्य.